ओट्याखालच्या खणाला सागवानी दारं: घरच्या घरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

गावाकडच्या बहुतेक घरांत स्वयंपाकाचा ओटा विटांच्या भिंतींवर कडप्पा किंवा ग्रॅनाइट टाकून केलेला असतो आणि खालचे खण उघडेच राहतात. डबे, कढया, भाज्यांची टोपली सगळं तिथेच, आणि समोर जुन्या साडीचा पडदा. या खणांना स्वतःच्या हातानं लाकडी दारं करणं नवख्या माणसालाही जमतं. एका खणाच्या दोन दारांना, लाकूड वाळलेलं हाताशी असेल तर, फावल्या वेळात आठवडाभर धरा.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढची सगळी मापं तिच्यावर उभी आहेत. आपल्याकडे लाकूड वर्षभर एका मापाचं राहत नाही. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आकसतं. श्रावणात तेच लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं. सागाची १०-११ इंच रुंद फळी या दोन टोकांत रुंदीला तीन-चार मिलिमीटर कमीजास्त होते. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. खिळे, स्क्रू, फेविकॉल यांपैकी कशानंही हे थांबत नाही. अडवलं तर फळी मधोमध तडकते किंवा दाराला पीळ पडतो. फळ्या शेजारीशेजारी ठेवून मागून दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून ठोकलेली दारं पहिल्या उन्हाळ्यातच का फाटतात, त्याचं कारण हेच.

म्हणून दार असं करायचं: दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्यांचा सांगाडा, त्याच्या आतल्या कडेला खाच, आणि त्या खाचेत मोकळी बसलेली मधली फळी, म्हणजे पॅनल. सांगाडा माप धरून ठेवतो, पॅनल आतल्या आत सरकत राहतं.

लाकूड

साग असेल तर प्रश्नच नाही. आलापल्ली-बल्लारशाच्या सागाचं नाव देशभर आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या कामाला बल्लारपूरहूनच सागवान गेलं होतं. पण साग म्हणजे त्याचा आतला तांबूस-तपकिरी गाभा. सालीलगतचा पांढरट भाग उधईला आणि भुंग्याला लगेच बळी पडतो. तो पांढरा पट्टा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, आणि फळीला कडेनं असेल तर कापून टाका. साग परवडत नसेल तर शिवण चांगली: हलकी, रंध्याला मऊ, आणि कमी हलणारी. धुऱ्यावरच्या कडुनिंबाचंही दार होतं, पण त्याचे तंतू उलटसुलट असतात, रंधा मारताना चिपाड उपटून येतं. पहिल्या कामाला तो त्रास नको.

जुनं घर पाडताना निघालेले सागाचे मयाल-फाटे (छताची जुनी लाकडं) मिळाले तर सोनंच. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड कुठे विकत मिळतं? फक्त त्यात तुटलेले खिळे असतात. आरामशीनवाला असं लाकूड घ्यायला नाखूष असतो, कारण एक खिळा पात्याचे दात घालवतो. लोहचुंबक फिरवून, सगळे खिळे काढून मगच न्या.

शेतातला स्वतःचा साग असला तरी तो तोडायला आणि वाहून न्यायला वनविभागाची परवानगी व वाहतूक परवाना लागतो. टालीवरून घेत असाल तर पावती मागून घ्या.

लाकूड घनफुटावर मिळतं. हिशेब सोपा: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार, भागिले १४४. खाली दिलेल्या दोन दारांना निव्वळ अर्ध्या घनफुटाच्या आत लाकूड लागतं. गाठी, भेगा आणि चुका धरून पाऊण घनफूट घ्या. पट्ट्यांना १ इंच जाडीच्या आणि पॅनलला पाऊण इंच जाडीच्या फळ्या कापून मागा. एक टोक डोळ्याजवळ धरून फळीच्या लांबीकडे पाहा. बाक थोडा चालतो, रंध्यानं निघतो. पीळ असलेली फळी मात्र बाजूला ठेवा.

फळी वाळली की नाही हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. त्याच फळीचा हातभर तुकडा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला आणि वजन तुकड्यावरच पेन्सिलीनं लिहा. तो घरातच ठेवून दर आठ दिवसांनी तोला. लागोपाठ तीन वेळा वजन तेच आलं की लाकूड घरच्या हवेला आलं. तोवर फळ्या सावलीत, सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून, एकावर एक रचा आणि टोकांना जुना ऑइलपेंट फासा, म्हणजे टोकं तडकणार नाहीत. लवकर वाळाव्यात म्हणून तापलेल्या स्लॅबवर किंवा टिनावर टाकू नका. वरची बाजू आधी आकसते आणि फळीची पन्हळ होते.

माप

सुतारकामात इंच आणि सूत चालतं. ८ सुतांचा एक इंच, म्हणजे १ सूत सुमारे ३ मिलिमीटर. एकच टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरा. दोन टेपांच्या आकड्यांत अर्ध्या सुताचा फरक सहज निघतो.

विटांच्या खणात थेट दार बसत नाही, कारण भिंती कधीच ओळंब्यात नसतात. आधी २ इंच बाय दीड इंच लाकडाची चौकट खणात बसवा. भिंतीकडची तिची बाजू बसवण्याआधीच तेल किंवा प्रायमर मारून घ्या. भिंतीतली ओल तिथूनच शिरते. खालचा आडवा तुकडा जमिनीपासून किमान ३ इंच वर ठेवा, नाहीतर फरशी धुतल्याचं पाणी रोज त्यात मुरेल. भिंतीत ८ मिलिमीटरचं भोक, प्लास्टिकची गिट्टी, ३ इंची स्क्रू. स्क्रू आवळण्याआधी मागच्या फटीत पातळ पाचरी सारा, नाहीतर चौकट भिंतीच्या वाकड्या अंगानं ओढली जाते. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात.

आता उदाहरणापुरतं धरू: चौकटीच्या आत रुंदी ३० इंच १ सूत, उंची २४ इंच, दारं दोन. दोन्ही बाजूंना, मध्ये, वर आणि खाली एकेक सूत मोकळं सोडायचं. रुंदीतून ३ सूत गेले, उरलेल्याचे दोन भाग केले की प्रत्येक दार १४ इंच ७ सूत रुंद. उंची २३ इंच ६ सूत. ही १ सुताची फट उन्हाळ्यात मोठी दिसते. तशीच राहू द्या, ती पावसाळ्यासाठी आहे. भर पावसाळ्यात दार करत असाल तर अर्ध्या सुतावर भागतं, कारण लाकूड तेव्हा आधीच फुगलेलं असतं.

एका दाराचे तुकडे, रंधा मारून झाल्यावरचं माप:

उभ्या पट्ट्या २: रुंदी सव्वादोन इंच, जाडी पाऊण इंच, लांबी २६ इंच. दारापेक्षा दोनेक इंच जास्त ठेवल्यात. खाचा पाडताना टोक फाटू नये म्हणून. ती शिंगं शेवटी कापायची.
आडव्या पट्ट्या २: रुंदी-जाडी तीच, लांबी १२ इंच ७ सूत. यात दोन्ही टोकांचं सव्वा-सव्वा इंचाचं कुसू, म्हणजे उभ्या पट्टीच्या भोकात शिरणारी जीभ, धरलेलं आहे.
पॅनल १: जाडी अर्धा इंच, उंची १९ इंच ७ सूत, रुंदी १० इंच ७ सूत. पावसाळ्यात करत असाल तर रुंदी ११ इंच.

पॅनलच्या रुंदीतला हा एका सुताचा फेरफार वाचून सोडून देऊ नका. उन्हाळ्यातलं पॅनल आकसलेलं असतं, त्याला पुढे फुगायला खाचेत जागा हवी. पावसाळ्यातलं फुगलेलं असतं, ते पुढे आकसणार आहे, म्हणून खाचेत जास्त आत हवं. नाहीतर मे महिन्यात कडेनं उजेड दिसू लागतो.

सिंकखालच्या खणाला पॅनल सागाऐवजी ६ मिलिमीटर प्लायचं करा. प्लाय हलत नाही, त्यामुळे नवख्याला तेच सोपं. तिथे साधी कमर्शियल म्हणजे एमआर प्लाय चालणार नाही, थर सुटतात. आयएस ७१० शिक्क्याची मरीन प्लाय घ्या. खाच पाडण्याआधी प्लायची जाडी प्रत्यक्ष मोजा. सहाची म्हणून घेतलेली अनेकदा साडेपाच भरते आणि मग दार उघडताना पॅनल खडखडतं.

हत्यारं

रंधा, बारीक दातांची करवत, पाव इंची आणि एक इंची पटाशी, मोगरी (लाकडी हातोडा), गुण्या (काटकोन तपासायला), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ ओढायला), ड्रिल मशीन, दोन-तीन शिकंजे (क्लॅम्प). धार लावायचा दगड यातच धरा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली पटाशीच हात कापते. मनगटावरचे केस सहज निघाले की धार झाली. लाकूड रंधून एका जाडीला आणणं हे सगळ्यात कष्टाचं काम आहे. जवळच्या सुताराकडे किंवा फर्निचरच्या कारखान्यात प्लेनर मशीन असेल तर तेवढं तिथून करून आणा. त्यात कमीपणा नाही, उलट पुढचे सगळे सांधे त्यामुळे नीट येतात.

खाच आणि कुसू

प्रत्येक तुकड्याची दिसणारी चांगली बाजू ठरवा आणि तिच्यावर पेन्सिलीनं खूण करा. पुढची प्रत्येक रेघ, प्रत्येक खाच त्याच बाजूकडून मोजायची. एक तुकडा उलट्या बाजूनं मोजला तर तेवढाच सांधा अर्धा सूत वर-खाली येतो, आणि मग तो रंधून काढताना जाडी जाते.

आधी खाच. चारही पट्ट्यांच्या आतल्या कडेला, जाडीच्या मधोमध, २ सूत रुंद आणि ३ सूत खोल. राउटर असेल तर ६ मिलिमीटरची बिट लावून दोन फेऱ्यांत घ्या. एकाच फेरीत घेतली तर लाकूड जळतं, बिटही जाते. खाच पाडायचा रंधा असेल तर भारनियमनाचीही काळजी नाही.

मग उभ्या पट्ट्यांतली खोल भोकं. पट्टीवर दाराची पूर्ण उंची आखा, वर-खाली शिंगं सोडून. बाहेरच्या रेघेपासून ४ सूत सोडा, पुढचे ११ सूत भोकाचे. रुंदी खाचेइतकीच, २ सूत. खोली पट्टीच्या कडेपासून साडेदहा सूत. कुसू १० सूत लांब आहे, वरचा अर्धा सूत फेविकॉलला जागा. ५ मिलिमीटरच्या ड्रिलनं रांगेत भोकं पाडून घ्या आणि उरलेलं पाव इंची पटाशीनं साफ करा. ड्रिलच्या पात्याला खोलीच्या खुणेवर चिकटपट्टी गुंडाळा. भोक दुसऱ्या बाजूनं बाहेर निघालं तर ती पट्टी वाया.

कुसू आडव्या पट्टीच्या टोकाला. जाडी २ सूत, लांबी १० सूत, रुंदी ११ सूत. बाहेरच्या बाजूचे ४ सूत पूर्ण कापून टाकू नका, तिथे ३ सूत लांबीचा ठोकळा राहू द्या. तो उभ्या पट्टीतल्या खाचेचं उघडं तोंड बुजवतो. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूनं चालवा, रेघ शिल्लक राहिली पाहिजे. मग पटाशीनं थोडं थोडं छिलून बसवत जा. हाताच्या जोरानं अर्धं आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी उरलेलं आत गेलं तर बरोबर. जोरात ठोकावं लागलं तर पट्टी उभी चिरते. आपोआप गळून पडत असेल तर कुसवाच्या गालाला रंध्याचं पातळ सालपट फेविकॉलनं चिकटवा, वाळलं की पुन्हा छिला.

पॅनल

एकाच रुंद फळीचं पॅनल करायचा मोह आवरा. ४ इंची तीन फळ्या जोडून केलेलं पॅनल सपाट राहतं. फळीच्या टोकाला लाकडाची वलयं कमानीसारखी दिसतात. एका फळीची कमान वर, शेजारचीची खाली, अशा लावा. जोडायच्या दोन कडा एकमेकींवर उभ्या ठेवून उजेडाकडे धरा. मधून उजेड आला तर पुन्हा रंधा. शिकंज्यानं आवळून बुजवलेली फट वर्षभरात उघडते. साग तेलकट लाकूड आहे, म्हणून रंधा मारला त्याच दिवशी फेविकॉल लावा. जुन्या पृष्ठभागावर तो नीट धरत नाही.

जोड वाळला की पॅनलच्या मागच्या बाजूनं चारही कडा ४ सूत रुंदीत रंधून जाडी २ सुतांवर आणा. कडा खाचेत हातानं सरकली पाहिजे. ठोकून घालावी लागत असेल तर अजून जाड आहे.

जुळवणी

आधी सगळं कोरडं जुळवून पाहा. मग पॅनलला जुळवणीआधीच तेलाचा पहिला हात द्या. हे विसरलात तर पहिल्या उन्हाळ्यात पॅनल आकसतं आणि कडेनं बिनरंगाची पांढुरकी रेघ उघडी पडते.

फेविकॉल फक्त कुसवाला आणि भोकाला. खाचेला नाही, पॅनलला नाही, एक थेंबही नाही. घरची माणसं मदतीला असतील तर त्यांनाही हे आधी सांगून ठेवा. पॅनल हलतंय म्हणून चांगल्या मनानं कुणीतरी कडेला फेविकॉल सोडतं आणि दार फाटतं. स्वयंपाकघराला पाण्यात टिकणारा मरीन प्रकार घ्या. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, दुपारच्या उष्म्यात चार सांधे जुळेपर्यंत पहिला सुकायला लागतो.

शिकंजे कमी असतील तर सपाट पाटीवर दाराच्या दोन्ही बाजूंना ठोकळे खिळवा आणि दार व ठोकळा यांच्यात समोरासमोरून दोन पाचरी ठोका. दोन्ही कर्ण मोजा. एक लांब असेल तर त्या कोपऱ्यांवरून दाबून सरळ करा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून समोरून पाहा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. फेविकॉल ओला आहे तोवर पीळ निघतो, नंतर नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक सांध्यात समोरून ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि बांबूची खुंटी ठोका. वाळलेल्या जून बांबूची, पाठीकडच्या टणक भागाची. फेविकॉलनं कधी दगा दिला तरी सांधा सुटत नाही, आणि खिळ्यासारखा गंजाचा काळा डागही पडत नाही. मग शिंगं कापा.

बिजागऱ्या

चौकटीच्या आत बसणाऱ्या दाराला अडीच इंची साधी बिजागरी सोपी, दाराला दोन, वरून आणि खालून तीन-तीन इंचांवर. बिजागरीच्या पात्याइतकी खोल खाच दारात आणि चौकटीत पटाशीनं घ्या. खाच जास्त खोल झाली तर दार पूर्ण लागत नाही, उसळी मारतं. मागे पुठ्ठ्याचा तुकडा घातला की सुटतं. स्क्रूआधी २ मिलिमीटरचं भोक पाडाच. सागात पितळी स्क्रू थेट आवळला तर डोकं तुटून हातात येतं. स्क्रूला अंगाचा साबण घासला की सहज जातो. आपोआप लागणारी बिजागरी हवी असेल तर दुकानात १६ क्रँकची मागा; क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक. दारं चौकटीच्या आत असताना झिरो क्रँकची बसत नाही. तिला ३५ मिलिमीटरचं गोल भोक, १२ मिलिमीटर खोल लागतं आणि चौकटीच्या आतल्या अंगाला पट्टीही पुरेशी रुंद लागते.

गॅस सिलिंडर असलेल्या खणाला मात्र बंद दार लावू नका. गळती झालेला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. तिथे पॅनलऐवजी अंतर ठेवून आडव्या पट्ट्या बसवा आणि दाराखाली दोन-तीन इंच मोकळं सोडा.

तेल

८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, याच क्रमानं आणि तंतूंच्या दिशेनंच. आडवा घासलेला ओरखडा कोरडेपणी दिसत नाही, तेल लागलं की उठून दिसतो.

जवस आपल्याकडेच पिकतो, पण तेलघाण्यावरचं खायचं जवसाचं तेल दाराला लावू नका. ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, त्यावर पीठ आणि फोडणीची धूळ बसते. रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणा. फडक्यानं चोळून लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या, आणि वाळल्यावर पुढचा हात. असे तीन हात. आतली बाजू, वरची-खालची कड, बिजागरीची खाच, काहीही कोरडं सोडू नका. एका बाजूनं तेल आणि दुसरीकडून कोरडं लाकूड असलं की ओल एकाच बाजूनं शिरते आणि दार वाकतं.

तेलाची फडकी कधीही गोळा करून टाकू नका. सुकताना हे तेल स्वतःच तापतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडून आग लागते, काडी न लावता. कोठ्यात कुटार, पऱ्हाटी, तुराट्या रचलेल्या असतात, तिकडे तर अजिबात नको. फडकी अंगणात एकेक पसरून पूर्ण वाळू द्या, किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

पहिल्या पावसाळ्यात दार घासलं तर लगेच रंधा घेऊ नका. आधी बिजागरीचे स्क्रू सैल झालेत का पाहा. निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतं, लोंबलेलं असतं. ते आवळूनही घासत असेल तर चौकटीच्या कडेला कोळसा चोळा, दार लावून उघडा, जिथे काळं उमटलं तेवढ्याच जागेवरून रंध्याचे दोन हलके हात फिरवा, आणि उघडं पडलेल्या लाकडाला त्याच दिवशी तेल लावा.